‘कर नाही त्याला डर कशाला?’ : सांगलीतल्या फौजदारी वकिलाचे उत्तर

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांचा प्रश्न आहे. थोडक्यात मांडते. गावातल्या बेदाणा शेडवरून एका रात्रीत चाळीस बॉक्स चोरीला गेले. संशय गायरानात पाल टाकून राहणाऱ्या एका पारधी तरुणावर आला. लोकांनी त्याला पकडून चोप दिला आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. आता ग्रामसभेत ठराव घालायचे घाटते आहे की त्याला गावातल्या कुणीही जामीन राहायचे नाही आणि पारधी कुटुंबांशी सगळे व्यवहार बंद करायचे. शेवटी ते विचारतात, “वकील लोक असल्यांना सोडवतात. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचे, असा कायदा का नाही करत? कर नाही त्याला डर कशाला?”

दादा, सांगली जिल्ह्यात फौजदारी खटले चालवताना मला अठ्ठावीस वर्षे झाली. पहिली सहा वर्षे मी सरकारी पक्षाकडून उभी राहिले, म्हणजे आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून झटले. नंतर बचावाकडे आले. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. छाटणीपासूनचे कष्ट, औषधांची उधारी, अवकाळीतून वाचवलेला माल रॅकवर वाळवून, निवडून बॉक्समध्ये भरायचा आणि तो कुणी रातोरात उचलून न्यायचा, यावर माणूस चिडणारच. तरी तुम्ही मागता तो कायदा होऊ नये असे मला मनापासून वाटते, आणि त्यात आरोपीच्या कळवळ्याइतकाच तुमच्या चोरीला गेलेल्या मालाचाही विचार आहे.

आधी तुमचाच कायदा तुम्हाला लावून बघा. मागच्या महिन्यातल्या बारा तारखेला रात्री दोन वाजता तुम्ही कुठे होता? घरी झोपला होता. कोण सांगेल? बायको. ती तुमचीच माणूस, तिचे कोण ऐकणार? मोबाइल घरात होता? मोबाइल घरी ठेवूनच गेला असाल, चोर काय खुळा असतो? बघा, दोन मिनिटांत तुम्ही अडकलात. केलेल्या कृत्याची काहीतरी खूण मागे राहते. न केलेल्या कृत्याची खूण कुठून आणायची? आणि तुमच्याकडे निदान पक्के घर आहे, शेजाऱ्याच्या दारावर कॅमेरा आहे, सोसायटीचा चेअरमन तुम्हाला नावाने ओळखतो. पालात झोपणाऱ्याच्या बाजूने बोलायला त्याच्या आईशिवाय कोण आहे?

निर्दोषपणा आरोपीनेच सिद्ध करायचा, हा उलटा भार आपल्याकडे नवा नाही. जुन्या काळी रवादिव्य करायला लावत. उकळत्या तेला-तुपात टाकलेला धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून त्यावर मोहर करायची, आणि दिवस भरले की पंचांसमोर पिशवी सोडून हात बघायचा. फोड आले तर खोटा. भाजणे हा शरीराचा धर्म आहे, त्याचा खरेपणाशी संबंध नाही, हे आज शाळकरी मूलही सांगेल. पण तेव्हाच्या पंचांना दुसरे काही शोधायची गरजच राहत नव्हती. हात पुढे आला की तपास संपला. माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ इथे आहे.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण म्हणतो तेव्हा सगळे लक्ष संन्याशाकडे जाते. पहिले दोन शब्द घाईत निसटतात. संन्याशाला धरले म्हणूनच चोर सुटतो. आणि ही म्हण आपल्याच जिल्ह्यात जवळपास अक्षरशः घडली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी म्हणून लोकांनी त्यांना गाडीतून ओढून काठ्या-पट्ट्यांनी मारले. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरेच साधू निघाले. ते जिवंत राहिले हे नशीब. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी याच अफवेने मंगळवेढ्याकडच्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. तिथेही जमाव ‘सिद्ध करा’ हेच म्हणत होता, फक्त ऐकायला थांबला नाही.

आता न्यायालयात हे कसे दिसते ते सांगते. मिरज तालुक्यातला जबरी चोरीचा एक खटला. रात्री घरी परतणाऱ्या बाईंचे मंगळसूत्र दोघांनी हिसकावले. काही दिवसांनी एक मजूर धरला गेला, तो माझा अशील. नायब तहसीलदारांनी तुरुंगात ओळख परेड घेतली. अंगकाठीने सारखे सहा डमी, रांगेत जागा निवडायची आरोपीला मुभा, पंच हजर, सगळे कागद नियमाला धरून. बाईंनी त्याला बरोबर ओळखले. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलाने घेतलेली त्यांची साक्ष, तीही चोख झाली. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त इतकेच विचारले की, परेडच्या आधी तुम्ही याला किंवा याचा फोटो कुठे पाहिला होता का? बाई सरळ होत्या. म्हणाल्या, “व्हय की. गावच्या ग्रुपवर आलता. चोर सापडला म्हणून.” पुढच्या प्रश्नाला काही उरलेच नाही. अंधारात क्षणभर पाहिलेला चेहरा कधीच पुसून गेला होता आणि त्या जागी मोबाइलवरचा चेहरा येऊन बसला होता. बाई खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच तो आठवत होता.

माझा अशील निर्दोष सुटला, पण तोवर त्याची सव्वादोन वर्षे आत गेली होती. निकालाच्या दिवशी विजयनगरच्या कोर्टात जिन्याजवळ त्या बाईंनी मला गाठले. भांडायला आल्या असतील असे वाटले. त्यांनी हळू आवाजात विचारले, “ताई, ह्यो नव्हता, तर मग कोण हुता?” मला उत्तर देता आले नाही, आजही देता येत नाही. कारण फोटो ग्रुपवर पडला त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाला शोधायचे काम बंद पडले होते. मंगळसूत्र मिळालेच नाही.

दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष धरायचे, हे निर्दोषत्वाचे गृहीतक म्हणजे आरोपीवर केलेली मेहेरबानी, असा समज आहे. मला ते तपासाला कामाला लावणारा आसूड वाटते. पुरावा सरकारने द्यायचा असतो म्हणून पंचनामा जागेवर करावा लागतो, मुद्देमालाला लाखेचे सील लावावे लागते, कॅमेऱ्याच्या चित्रणाला कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. उद्या तुमचा कायदा आला की हे कशाला कोण करेल? एक माणूस आणून उभा केला की पोलिसांचे काम संपले, पुढचे त्याचे तो बघेल. तुमच्या शेडवर पुन्हा चोरी झाली तरी प्रत्येक वेळी कुणीतरी एक माणूस मिळेल. बेदाणा मिळणार नाही.

हे तत्त्व आपल्या लेखी कायद्यात जुने आहे. जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करायचा, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०१ मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०४ आहे. इंग्लंडमध्ये यावर गाजलेला खटला १९३५ चा वूलमिंग्टनचा. एकवीस वर्षांचा शेतमजूर, भांडून माहेरी गेलेली बायको त्याच्या बंदुकीची गोळी लागून मेली. तो म्हणत होता, चुकून सुटली. पहिल्या वेळी ज्यूरीचे, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांचे, एकमत झाले नाही. दुसऱ्या वेळी न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले की गोळी याच्या हातून सुटली हे ठरल्यावर तो अपघात होता हे त्यानेच पटवायचे. फाशीची शिक्षा झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रद्द केली आणि निकाल देताना लॉर्ड सँकी यांनी सांगितले की अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची, हा सोनेरी धागा सगळ्या फौजदारी कायद्यातून गेलेला आहे. आमच्या पिढीने कॉलेजात हे वाक्य पाठ केले. त्याचा अर्थ मात्र मला त्या जिन्याजवळ कळला.

तुमच्या गावातला संशयित पारधी आहे, म्हणून पुढचे सांगणे मला भाग आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढवत नेला. अख्ख्या जमातीच जन्मापासून गुन्हेगार धरल्या. गावोगाव हजेरी असे. ठरल्या वेळी जाऊन नाव लावायचे, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, आणि हजेरी चुकली तर तोच गुन्हा. चोरी झालीच पाहिजे असे नव्हते. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानापुरती ही हजेरी बंद केली. बाकी देशातला तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरून गेला. कुठे काही हरवले की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे वळते, हे तुम्हीही जाणता, मीही जाणते.

त्याचा शेवट किती भयंकर होऊ शकतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००३ मध्ये जालना जिल्ह्यात शेतातल्या वस्तीवर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्या सहा जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितले. सोळा वर्षे गेली, आणि त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. त्या रात्रीतून वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते. त्या चौघांमागे तपास गेलाच नाही. म्हणजे त्या उद्ध्वस्त कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. ज्यांना सहा फाश्या म्हणजे न्याय वाटला होता, त्यांनी यावर विचार करावा.

तुम्ही म्हणाल, पण कितीतरी खरे गुन्हेगार सुटतात, त्याचे काय? हे खरे आहे आणि मी ते लपवणार नाही. पंच फितूर होतात. पंचनामा ठाण्यातच बसून लिहिलेला असतो. साक्षीदाराचा जबाब घटनेनंतर महिन्याने घेतात. सरकारी पक्षात असताना मी स्वतः असे खटले हरले आहे आणि फिर्यादीच्या तोंडाकडे बघणे मला अवघड गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७३ च्या एका निकालात बजावले होते की संशयाचा फायदा वाटेल तसा ताणू नका, अपराधी सुटणे हाही अन्यायच. त्याच निकालात त्यांनी हेही सांगितले की ‘याने केले असेल’ आणि ‘यानेच केले आहे’ यांत लांबचे अंतर आहे. ते अंतर पुराव्याने चालायचे असते. फितूर पंचावर आणि निष्काळजी पंचनाम्यावर उपाय करायचा तर पंच आणि पंचनामा सुधारावा लागेल. भार आरोपीवर टाकला की तोच निष्काळजीपणा कायदेशीर होतो.

काही ठिकाणी कायद्याने भार उलटवला आहे आणि त्यातला काही भाग मला पटतो. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत सुनेचा अनैसर्गिक मृत्यू झाला, तर न्यायालय हुंडाबळीचे गृहीत धरते. पण त्याआधी सरकारला दाखवावे लागते की मृत्यूच्या आसपास हुंड्यासाठी तिचा छळ झाला होता. चार भिंतींआड काय घडले ते घरच्यांनाच ठाऊक असते, म्हणून त्यांनी बोलावे हे रास्तच आहे. आधी पाया सरकारने घालायचा, मग प्रश्न आरोपीला, हा क्रम तिथे टिकतो.

चेक न वटल्याच्या खटल्यांत मात्र हा क्रम सैल होतो आणि गरीब माणूस कसा भरडला जातो ते मी दर आठवड्याला बघते. एका ऊस उत्पादकाने खासगी सावकाराकडून पन्नास हजार घेतले आणि सही केलेले दोन कोरे चेक तारण म्हणून दिले. पैसे फेडले, चेक परत मागायचे राहून गेले. दोन वर्षांनी त्यातल्या एकावर सहा लाखांचा आकडा पडला आणि चेक बँकेत गेला. चेकच्या व्यवहारांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३९ सांगते की सही तुमची असेल तर देणे आहे असेच धरले जाईल, नसेल तर तुम्ही दाखवा. माझा अशील दर तारखेला एकच वाक्य म्हणायचा, “सही माझी हाय, आकडा माझा न्हाय.” यात आरोपीला निःसंशय पुरावा द्यावा लागत नाही, शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकले तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, म्हणून आम्ही वाचलो. सावकाराच्या कुठल्याही हिशोबात सहा लाख दिसत नाहीत हे उलटतपासात बाहेर आले. निर्दोष सुटायला चार वर्षे लागली, आणि तेवढ्यात त्याची वीस गुंठे जमीन विकली गेली. व्यापारात चेकवर विश्वास राहावा म्हणून ते कलम आहे हे मला मान्य आहे. तिथे निदान चेक आणि सही तरी समोर असते. तुम्ही मागता त्या कायद्यात तेवढेही नसेल.

जामिनाच्या वेळीच आरोपी दोषी नसल्याची खात्री पटली पाहिजे अशी अट घालणारे काही विशेष कायदे आहेत, अमली पदार्थांचा आणि मनी लाँडरिंगचा त्यांत येतात. त्यावर वेगळे लिहावे लागेल. पण साध्या कायद्यातही गृहीतक पुस्तकात आणि माणूस आत, अशी स्थिती आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात जवळपास ७६ जणांचा निकालच लागलेला नव्हता. जामीन मंजूर झाला तरी बरेच जण बाहेर येत नाहीत, कारण जामीनदार लागतो, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. गायरानातल्या माणसाला कोण सातबारा देणार?

आणि जामीनदार मिळण्याची हीच वाट तुमचा ठराव बंद करू बघतो आहे. असा ठराव कुणावर बंधनकारक नाही. ज्याला जामीन राहायचे आहे त्याला ग्रामसभा अडवू शकत नाही. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळे त्यांच्यावर बहिष्कार टाकणे किंवा तशी धमकी देणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ठरावाखाली ज्यांच्या सह्या असतील ते त्यात येऊ शकतात. त्या तरुणाला मारले त्याचाही वेगळा गुन्हा होतो. वकिलांच्या संघटनासुद्धा कधी कधी ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही’ असे ठराव करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. मग गावाच्या ठरावाला काय आधार?

त्याच्या घरच्यांपर्यंत तुम्हाला निरोप पोचवता आला तर एवढा पोचवा. अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जायचे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलेच पाहिजे, आणि मार बसला असेल तर तिथेच सांगायचे. भीतीने गप्प राहायचे नाही.

आता तुमच्या चोरीकडे येते, कारण प्रश्न वाचल्यापासून एक हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही. चाळीस बॉक्स, पंधरा किलोचा एक, म्हणजे सहाशे किलो बेदाणा. तुमच्याच लिहिण्यात आहे की त्या तरुणाकडे एक जुनी मोटारसायकल आहे. सहाशे किलो मोटारसायकलवर जात नाही. छोटा हत्ती किंवा पिकअप आली असणार, ती शेडच्या कच्च्या रस्त्यावर वळली असणार, भरायला दोन-तीन माणसे असणार. आणि बॉक्स त्या रात्री तिथे आहेत, अजून कोल्ड स्टोरेजला गेलेले नाहीत, हे ठाऊक असणारा कुणीतरी त्यात असणार. नेलेला बेदाणा कुणी घरात ठेवून खात नाही. तो कुठल्या तरी स्टोरेजमध्ये कुणाच्या तरी नावाने लागला असेल, नाहीतर सौद्यात, म्हणजे लिलावात, आला असेल, आणि तिथे पावती होते.

तेव्हा ग्रामसभा घ्याच, पण वेगळे मागणे मागा. शेडपासून हमरस्त्यापर्यंत जेवढे कॅमेरे आहेत, पेट्रोल पंप, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, सगळ्यांचे त्या रात्रीचे चित्रण तपासासाठी ताब्यात घ्या असा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. त्या आठवड्यात स्टोरेजमध्ये आणि सौद्यात आवक झालेल्या मालाची तपासणी करा, हेही त्यात लिहा. बहुतेक डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, पंधरा दिवसांपासून महिन्याभरापर्यंतचेच चित्रण राहते, मग त्यावर नवे चढते. चोरीला आज किती दिवस झाले ते मोजा आणि उद्या सकाळीच जा.